सेलेरिनोच्या घराचे दगड

"घर पाडायचं म्हंजे? पोरगं आलं की ऱ्हाईल कुठं?" म्हातारी युफ्रोसिना भर सभेत कडाडली.

गावप्रमुख हासिंतोनं मान खाली घातली. मेक्सिकोतल्या मिश्तेक आदिवासींच्या त्या डोंगरगावात घळ दर पावसाळ्यात मक्याची शेतं गिळत वर सरकत होती. गाव आजवर खालीच बांध घालत आलं आणि ते सगळे वाहून गेले. आता शहरातून आलेल्या मातीच्या जाणकार ओदिलियानं उपग्रहाचा फोटो भिंतीवर दाखवला होता. त्यात लाल दिसे ती धुपलेली जमीन, काळपट ती साठलेली माती. घळ अरुंद होते तिथंच बांध टिकणार होता, आणि नेमकं तिथंच काठावर युफ्रोसिनाच्या पोराचं, सेलेरिनोचं, बिनछपराचं घर उभं होतं. ते पाडून त्याचेच दगड बांधाला घालायचे होते.

उत्तरेला जाण्याआधी त्या पोरानं एकेक दगड वाहून त्या भिंती रचल्या होत्या. अमेरिकेच्या सीमेकडं गेला तो गेलाच. फोन नाही, निरोप नाही.

तेकियोला, म्हणजे गावाच्या बिनमजुरीच्या कामाला, घरटी एकानं यायचंच. चुकला त्याचा गावातला हक्क गेला. युफ्रोसिनाला वयामुळं माफी होती. तरी ती दर खेपेला यायची, आणि सेलेरिनोचं नाव पुकारलं की "हजर" म्हणायची. तिला अडवायचा धीर कुणालाच झाला नाही.

"पोरी, एवढ्या वरनं समदं दिसतं व्हय?" भिंतीवरच्या फोटोकडं बोट करत युफ्रोसिनानं ओदिलियाला विचारलं.

"दिसतं, मावशी."

"मग जरा उत्तरंला सरकव. पार सीमेपल्याड."

ओदिलियानं फोटो सरकवला. डोंगर संपले, हिरवं संपलं, भिंतभर नुसतं पिवळट रान पसरलं.

"ही माती कसली गं?"

"वाळू आहे, मावशी."

"पानी धरती?"

ओदिलियाला खोटं बोलवेना. "नाही धरत."

"झरा, डबकं, कायबी?"

"काहीच नाही."

युफ्रोसिना त्या पिवळ्या रानाकडं बघतच राहिली. "दोनच बाटल्या व्हत्या त्याच्याकडं," ती म्हणाली. "म्याच भरून दिल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव तेकियोला जमलं तेव्हा घराची चौकट तिनं आधीच उपटून ठेवली होती. पोटच्या पोराला मूठमाती देणंही तिच्या नशिबी नव्हतं. भिंतीचा पहिला दगड तिनंच उतरवला, पोटाशी धरून घळीत नेला.

हासिंतो नावं पुकारू लागला. सेलेरिनोचं नाव त्यानं सवयीनं घेतलं आणि तिच्याकडं पाहिलं.

ती दगड बसवत होती. वर न बघताच म्हणाली, "त्याला नगं आता हाक मारू. माजं नाव घे."