रेवतीची डावी भुवई

'दार किलकिलं' ही मालिका शनिवारी रात्री संपली आणि रविवारी संजनाच्या पार्लरमध्ये एकाही बाईची भुवई वेळेवर झाली नाही.

शेवटच्या भागात रेवतीला भेटायला तिचा भाऊ तिच्या सासरी येतो. निघताना, चपला घालता घालता विचारतो, "ताई, तू सुखी आहेस ना?" कॅमेरा रेवतीच्या चेहऱ्याजवळ जातो. तिची डावी भुवई जराशी वर जाते. ती म्हणते, "हो." आणि खालून नावं सरकायला लागतात. संपली मालिका! गॅसवरची भाजी करपवून बायकांनी जी वर्षानुवर्षं पाहिली, ती अशी हात झटकून मोकळी झाली.

पंचवटीतल्या त्या गल्लीत लगेच दोन तट पडले. संजनाच्या मते रेवती धडधडीत खोटं बोलली. जीभ फसवते, भुवई फसवत नाही, असं ती ठासून सांगायची. शेवटी तिचा धंदाच भुवयांचा. विरुद्ध तटाची पुढारी होती तिची धाकटी बहीण तेजश्री. आणि त्याच तेजश्रीचा आज संध्याकाळी साखरपुडा होता.

आता खरं सांगायचं तर संजनाला रेवतीशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा जीव टांगणीला लागला होता तो तेजूपायी. साधी ओढणी घ्यायची तर मेन रोडची दुकानं पालथी घालणारी ही मुलगी मयुरेशला एकदा भेटली आणि चहा संपायच्या आत होकार देऊन बसली. तोही कुठला, तर मनमाडचा! रेल्वेत नोकरी होती, माणूस साधा होता, सगळं कबूल. पण गोदेकाठची पोर, नळाला पाणी कधी येईल याची वाट बघत बसायला हौसेने जाईल? वडील गेल्यापासून आईने तेजूच्या लग्नाचा ध्यास घेतला होता. आईसाठी म्हणून तेजूने डोळे मिटून मान डोलावली असणार, ही शंका संजनाला आतून खात होती. सरळ विचारायची छाती होत नव्हती, म्हणून ती रेवतीवरून भांडत होती.

भुवई करताना दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं असतं, त्यामुळे दर वाक्याला संजनाला दोरा सोडावा लागत होता. तेजूने दोन्ही हातांनी कपाळ ताणून धरायचं, पण तिला बोलताना हातवारे लागायचे. उजवी भुवई कशीबशी झाली होती.

"भावाला बरं वाटावं म्हणून बोलली ती," संजना म्हणाली.

"बरं, मग जी खरंच सुखी आहे, तिने काय बोलायचं? तीसुद्धा 'हो'च म्हणणार ना? दुसरा शब्द काढलाय का कुणी?"

"तेजूचं बरोबर आहे, संजू." कोपऱ्यातून शेजारची माजिदाभाभी ओठ न हलवता बोलली. तिच्या तोंडावर फेसपॅक सुकत आला होता. "खुश बाई आणखी काय बोलणार?"

"मग भुवई का गेली वर?"

"खाज आली असेल!" तेजू म्हणाली आणि माजिदाभाभीचा फेसपॅक गालावर तडकला.

तिघीही खिदळत सुटल्या. त्या हसण्याच्या भरात संजनाला धीर आला. दोरा दातात तसाच धरून, डाव्या भुवईवर वाकून तिने विचारून टाकलं, "तेजू, तू शुखी आहेश ना?"

तेजूचे हात कपाळावरून केव्हाच सुटले होते. तिची डावी भुवई टुणकन वर गेली, थेट दोऱ्यात.

"हो," ती म्हणाली, आणि लगेच, "आई गं!"

भुवईच्या मधोमध खिंडार पडलं होतं. माजिदाभाभीने "या अल्लाह" म्हणून डोळे झाकले. तेजूने आरशात पाहिलं, तोंडावर हात दाबला आणि तिचे खांदे गदगदा हलू लागले. हसतेय की रडतेय, ते संजनाने पाहिलंच नाही. तिला फक्त वर गेलेली भुवई दिसत होती. रेवतीसारखीच. तिने पेन्सिल उचलली आणि खिंडार कसंबसं भरून टाकलं.

संध्याकाळी हॉलमध्ये अंगठ्या घालून झाल्या. मयुरेश तेजूच्या कपाळाकडे टक लावून बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "डावीकडचं फाटक उघडं राहिलंय."

तेजू इतक्या जोरात हसली की गुरुजी दचकले. काजळ, पेन्सिल सगळं गालावर आलं. मयुरेशने खिशातून रुमाल काढून दिला आणि तोही वेड्यासारखा हसत सुटला.

संजना जिलेबीचं ताट घेऊन दोघांसमोर उभी होती.

"जिलेबी घेणार?" मयुरेशने विचारलं.

"हो!" उरलीसुरली भुवई टुणकन वर.

"आणखी एक?"

"हो!" पुन्हा वर.

"आणि मनमाडला येणार?"

"हो!" भुवई केसांना टेकायची तेवढी बाकी राहिली.

संजना बघतच राहिली. जिलेबीच्या बाबतीत तेजू जन्मात कधी खोटं बोलली नव्हती. इतकी वर्षं संजनाने भुवया पाहिल्या त्या सगळ्या हातांनी ताणून धरलेल्या. मन भरून आलं की त्या काय करतात, ते तिने कधी बघितलंच नव्हतं. तेजू सुखी होती. अगदी वेडी होण्याइतकी सुखी होती! संजनाला हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले.

"मग? रेवती?" माजिदाभाभीने ताटातली जिलेबी उचलत विचारलं.

"खरं बोलली गं बाई. शंभर टक्के खरं."

तेवढ्यात आई लगबगीने आली. थोरलीचे डोळे पाहून चरकली. "संजू, काय झालं? धाकटी निघाली म्हणून वाईट वाटतंय? खूश आहेस ना तू?"

"हो," संजना म्हणाली.

माजिदाभाभीने तोंडातली जिलेबी तशीच ठेवून तिच्या कपाळाकडे बोट दाखवलं.