फरशी वाजते

फरशी बसवून झाली की मिस्त्री ती नाण्याने ठोकून बघत. खाली पोकळ वाजली, तर उखडून पुन्हा बसवायची. तिथे कुणाची गय नव्हती. स्वतःच्या घरची फरशीही त्यांनी गेल्या वर्षी अशीच ठोकून पास केली होती. बायको तेव्हापासून म्हणत होती, "अहो, स्वयंपाकघरात फरशी वाजते." ते म्हणत, "आधी तुझे कान तपासून घे. माझा कान म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

शेवटी लेकीने त्यांचेच कान तपासून आणले. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "ऐकू येणं थोडंसंच कमी झालंय. मोठे आवाज कळतात, बारीक फरक निसटतात." यंत्र कानाच्या आतलं घ्यायचं की कानामागचं, असा प्रश्न निघाला. आतल्यात सिमेंटची धूळ जाईल, म्हणून मिस्त्रींनी कानामागचं घेतलं.

घरी येताच ते नाणं घेऊन स्वयंपाकघरात बसले. पहिल्याच रांगेत नऊ फरश्या पोकळ वाजल्या. बायको दारात उभी होती.

मिस्त्रींनी यंत्र काढून डबीत ठेवलं आणि सगळी रांग पुन्हा ठोकली.

"बघ," ते म्हणाले, "एकही पोकळ नाही."