डाव्या बुटातले तीन थर

ताईच्या नव्या घरातला गालिचा पांढरा होता, तिथूनच सगळं बिघडलं.

गालिचा पांढरा, म्हणून बूट काढायचे. जिन्यातून चपला चोरीला जातात, म्हणून ते दाराच्या आत, भिंतीलगतच्या फळीवर ठेवायचे. इस्त्रीबाईने आपल्या चपला ठेवल्या, शेजारी नवऱ्याने आपले काळे बूट ठेवले, आणि चहा येईपर्यंत त्या बुटांचा वास फळीवरून उतरून पाहुण्यासारखा सोफ्यावर येऊन बसला.

भाचीने हातातलं पुस्तक हळूहळू नाकापर्यंत वर नेलं. ताईने उठून खिडकी उघडली. "आज कोंदटच आहे नाही?" म्हणाली. बाहेर चांगला वारा सुटला होता.

निघताना बूट फळीवर नव्हते. ताईने ते गॅलरीतून आणून दिले. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोन गाठी.

"ताई, पिशवी कशाला?" नवरा हसत म्हणाला. "घालूनच जाणार ना मी?"

त्या दोन गाठी सोडायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ इस्त्रीबाई मान खाली घालून गालिच्याकडे बघत होती. ताई तोंडाने काही बोलली असती तर उत्तर देता आलं असतं. पिशवीला काय उत्तर देणार?

इस्त्रीबाई हे नाव तिला कामावरच्या बायकांनी ठेवलेलं. गेली एकोणीस वर्षं ती एका मोठ्या लॉन्ड्रीत होती. हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, नॅपकिन. तिच्या हातून जोडीतली एक वस्तू सरस आणि दुसरी निरस अशी कधी बाहेर गेली नाही. एका पलंगाचे दोन अभ्रे एकमेकांवर ठेवून ती चारही कोपरे बोटाने चाचपायची. केसभर फरक निघाला की परत पाण्यात. डागांचं तर विचारूच नका. सोडा किती, पाणी किती गरम, लिंबू कधी, सगळं तोंडपाठ. आणि अशा बाईच्या नवऱ्याचे बूट गॅलरीत!

नवरा वेटर. जवळच्याच एका हॉटेलात, दिवसाचे दहा तास पायांवर. बूट एकच जोड, आणि त्याला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. पॉलिश स्वतः करायचा आणि बूट पलंगाखाली, ट्रंकेच्या मागे सारून ठेवायचा. "पायातलं असतं ते. तुझ्या हातात कशाला?" म्हणायचा. इतकी वर्षं तिला यात आपला मान वाटत आला होता. घरात मात्र हा गडी थोडा डुलत चालायचा. पायात बाराही महिने जाड सपाता, कारण म्हणे फरशी गार लागते. दिवसभर उभा राहून माणूस दमतो, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

मंगळवारी त्याची सुट्टी होती. सकाळी चहा पिताना म्हणाला, "उद्या दुपारी मोठी पंगत आहे. ऐंशी माणसं. मालक स्वतः हॉलमध्ये उभा राहणार."

"कशाला?"

"आम्हा तिघा म्हाताऱ्यांपैकी दोघांना हॉलमध्ये ठेवणार आणि एकाला मागे भांड्यांवर पाठवणार. कोण कसं चालतं-वाकतं ते बघणार."

"तुम्हाला नाही पाठवायचे."

"नाहीच पाठवणार," तो म्हणाला. "हातात चार वाट्या सूप घेऊन माझ्यासारखं सरळ कोण चालतं, सांग." आणि सपाता फटफटवत केस कापायला गेला.

केस कापायचे आणि बूट तसेच! तिने ट्रंक सरकवली.

आतला सोल तिने दोन बोटांनी धरून बाहेर ओढला. काळाकुट्ट, पाचही बोटांचे ठसे उठलेले, टाचेपाशी खळगा. वासाने डोळ्यांत पाणी आलं. उजवा निघाला तो पातळ. डावा मात्र टाचेकडे चांगला करंगळीएवढा जाड. उलटून पाहते तर खाली थर: बुचाचा एक, रबराचा एक, जुन्या चामड्याचा एक, एकावर एक डकवलेले, कडा घासून उतरत्या केलेल्या. घामाने सगळं मिळून एकजीव झालेलं.

बघा, ती मनात म्हणाली, फाटलं की खाली चिकटव, झिजलं की खाली चिकटव, नवं म्हणून घ्यायचं नाही. इथेच तर घाण साठते.

तिने सुरीने तिन्ही थर सोलून काढले आणि कचऱ्यात टाकले. मग दोन्ही सोल सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवून जुन्या ब्रशने घासले. पाचव्या पाण्याला रंग उतरला. फडक्यात दाबून, सावलीत वाळवून, वरून हलकी इस्त्रीसुद्धा फिरवली. मग एकावर एक ठेवून कडा चाचपल्या. जुळे! तिने ते बुटांत बसवले, आत नाक घालून वास घेतला आणि ताईच्या फळीची आठवण काढून जवळजवळ हसली. नवऱ्याला काही सांगितलं नाही. उद्या पाय घातला की कळेल त्याला.

बुधवारी तिची पाळी सहाची. तो झोपेत असतानाच ती बाहेर पडली, कचऱ्याची पिशवी घेऊनच.

दुपारी नवऱ्याच्या हॉटेलात गाडीबरोबर कपडे पोचवायला एक बाई लागते. ती आपणहून गेली. हॉटेलच्या मागच्या बोळातून स्वयंपाकघराशी यायचं, तिथे हॉलकडे उघडणारं झुलतं दार, दाराला गोल काच. तिने नॅपकिनचा गठ्ठा खाली ठेवला आणि काचेला डोळा लावला.

नवरा सूप घेऊन येत होता. दर दुसऱ्या पावलाला त्याचा डावा खांदा खाली जात होता, आणि वाटीतलं सूप त्या खांद्याबरोबर कडेला येऊन परत मागे जात होतं. एका टेबलावरची पोरगी त्याच्या चालीकडे बघून आईच्या कानात काही म्हणाली. भिंतीपाशी मालक उभा होता. हात मागे बांधलेले, नजर जमिनीवर, बरोबर त्याच्या पायांवर.

इस्त्रीबाईची नजर त्याच्या डाव्या बुटावर गेली. करंगळीएवढं जाड. उतरत्या कडा. घरातलं डुलणं, सपाता, ट्रंक. एका क्षणात सगळं जागच्या जागी बसलं, आणि त्या जागा लग्नाची तेवीस वर्षं तिच्या नाकासमोर होत्या.

दार झुललं, तो रिकामा ट्रे घेऊन आत आला. तिला पाहून थबकला.

"थर कुठे टाकलेस?" एवढंच विचारलं, तेही हळू.

"कचऱ्यात."

"हं. वाटलंच. सकाळी कागद कोंबला होता, त्याचा लगदा झाला."

"बूट काढा."

"इथे? अगं, वेडी झालीस का?"

"काढा म्हणते ना!" तिने त्याला खोक्यावर जवळजवळ ढकललंच. खाली बसून त्याचा डावा बूट ओढला. कमरेचा रुमाल काढून त्याची घडी घातली. चार पदरी, आठ पदरी, टाचेकडे जाड, पुढे निमुळती. हाताला सवय होती. "किती जाड? एवढं? का अजून?"

"थोडं अजून," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. आचारी, भांडीवाली, दोघे वेटर, सगळे हातातलं टाकून बघत होते, आणि तिच्या ते ध्यानातच आलं नाही. ती आपली घडी जुळवत बसली होती.

"काय चाललंय?" दारात मालक.

उत्तर द्यायची गरजच नव्हती. नवऱ्याचे दोन्ही पाय समोर पसरलेले, एकात बूट, एकात मोजा, आणि एक टाच दुसरीच्या बोटभर मागे.

मालक वाईट माणूस नव्हता. तो वाईट असता तर बरं झालं असतं. "अरे," तो मऊ आवाजात म्हणाला, "इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? मी तुला असा पळवला नसता. पंगत होऊ दे. उद्यापासून मागे बस. स्टूल देतो."

त्या "बस"ने नवऱ्याचा चेहरा उतरला तो तिने पाहिला. रुमाल घालून तो पुन्हा हॉलमध्ये गेला आणि अगदी सरळ चालला, एक थेंब सांडला नाही. पण आता सगळे त्याच्या पायांकडेच बघत होते.

घरी येऊन त्याने बूट काढले, पण ट्रंकेमागे सारले नाहीत. दारातच राहू दिले.

"मला का सांगितलं नाही?" तिने विचारलं. विचारायचा हक्क आपल्याला उरलाय का, हे ठरायच्या आतच तोंडातून गेलं.

"लग्नाआधी सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "मग रोजच राहत गेलं. तू आपली जोड्या जुळवणारी बाई. म्हटलं, हिच्या डोळ्यांना ते सहन व्हायचं नाही."

हे तो चेष्टेत म्हणाला. पण तिला ते लागलं, कारण खरं होतं.

"आणि वासाचं म्हणशील तर," तो म्हणाला, "धुवायला सोल बाहेर काढले असते तर तू पाहिले असतेस. म्हणून नाही काढले."

म्हणजे तो वाससुद्धा तिच्यासाठीच सांभाळलेला! ती उठली. मग पुठ्ठा आणला, पेन्सिल आणली.

"पाय ठेवा."

"गुदगुल्या होतात गं."

"होऊ द्या."

तिने त्याचा पाय पुठ्ठ्यावर धरून कडेने पेन्सिल फिरवली. टाच खरबरीत, अंगठ्याशी जुना घट्टा. गावभरच्या अनोळखी माणसांच्या अंथरुणांचे डाग तिला पाठ होते, आणि हा पाय ती आज पहिल्यांदा हातात घेत होती. माफी मागायची म्हणून तिने तोंड उघडलं, आणि निघालं ते "नखं किती वाढलीत ही!"

"आता मागे भांड्यांवर. तिथे कुणी बघत नाही," तो म्हणाला.

बुचाचा तुकडा, रबर, चामडं, सगळं तिने दुसऱ्या दिवशी चांभाराकडून आणलं. थर चिकटवले, कडा त्याने स्वतः घासल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती सोल बाहेर काढते, ओल्या फडक्याने पुसते, बूट उघडे ठेवते आणि सोल खिडकीत वाऱ्याला लावते. एवढंच करायचं होतं. पाच मिनिटांचं काम.

एकदा शेजारीण खिडकीपाशी थांबली. "हे काय गं? एक जाड, एक बारीक? इस्त्रीबाईच्या घरात?"

इस्त्रीबाईचा हात फडक्याकडे गेला, सोलांवर टाकायला. अर्ध्यावर थांबला. आत स्टुलावरच्या कामाने आखडलेली कंबर दाबत नवरा बसला होता आणि त्याला सगळं ऐकू येत होतं.

"आमच्या यांचा डावा पाय आखूड आहे," ती म्हणाली. "जोडीच आहे ती."

पण म्हणायला वेळ लागला. तो वेळ त्यानेही मोजला असणार, या विचाराने तिची मान पुन्हा खाली गेली.