कायमचा इलाज

उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. आमच्या भाऊजींच्या डबक्यात तर नगारे वाजतात. संगणकातलं त्यांना सगळं कळतं. फक्त संगणकाला ते कळत नाहीत.

ताई कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी खुणांच्या भाषेतले धडे चित्रित करते. अपूर्णांकांचा धडा उद्या सकाळी, परीक्षेआधी, मुलांना दाखवायचा होता. पण चित्रणाचे तुकडे कापून जोडताना पडद्यावर तिचे हात अडखळत. मधली खूण गायब, थेट शेवटचीच दिसे. कुठे कापायचं तेच कळेना. म्हणून तर नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. ते बसवलं, तरी हात तसेच अडखळत राहिले.

"कार्डच नकली आहे," भाऊजींनी निकाल दिला. पेटी उघडली, कार्ड उपसलं, फुंकर मारली, परत खोचलं. फुंकून पेटायला ती काय चूल आहे?

"अहो, आधी काय बिघडलंय ते बघा तरी," ताई म्हणाली.

"अगं, लिनक्स आहे हे! फुकटाचं ते फुकटासारखंच चालणार. सगळं पुसून नव्याने टाकतो."

"आणि माझं काम?"

"काम काय, पुन्हा करता येतं."

महिनाभर खपलेल्या बाईला हे ऐकवायला दुसऱ्या कोणाची जीभ रेटली नसती.

ताईने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. चित्रं कोण काढतंय, असं तिने संगणकालाच विचारलं. उत्तर आलं: एकटा प्रोसेसर. कार्ड आपलं नव्या जावयासारखं नुसतं बसून होतं! मग तिने संगणक सुरू होतानाची आज्ञा वाचली. तिच्या शेपटाला एक शब्द लटकत होता, 'नोमोडसेट'. म्हणजे ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला, कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, कामाला हातच लावू द्यायचा नाही.

"हा कोणी घातला?"

भाऊजींचा चेहरा उजळला. "मीच! जुनं कार्ड सुरू होतानाच पडदा काळा करायचं, आठवतं? कायमचा इलाज केला होता."

"रोगी गेला, दुसरा आला, आणि औषध तेच चालू?" मी म्हटलं.

"मेव्हणीबाई, तुम्हाला यातलं कळायचं नाही."

ताईने तो शब्द खोडला, बदल पक्का केला, संगणक पुन्हा सुरू केला आणि धडा लावला. हात वाहू लागले. एक वर्तुळ, त्याचे दोन भाग, मग चार. एकेक बोट जागच्या जागी. ताईचे खांदे सैलावले. देव भल्या माणसाची परीक्षा पाहतो म्हणतात. परीक्षेचं सामान मात्र तो घरातच ठेवतो.

"बघ," भाऊजी म्हणाले, "मी कार्ड नीट खोचलं म्हणून तर..."

ताईने पडद्यावरची नजर न हलवता एक खूण केली. भाऊजींना खुणांच्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही. ही मात्र कळली. ते मुकाट्याने पेटीचे स्क्रू शोधू लागले.