कात्रीसाठी शिवलेला कप्पा

मी एक जुनी खाकी बॅग आहे, मित्रांनो. मला चाकं नाहीत, ओढायला दांडा नाही आणि माझ्यावर कुठल्या कंपनीचं नावही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात, पोंभुर्ण्याच्या एका बंद शिलाई दुकानात, मशीनच्या वरच्या खिळ्याला मी टांगलेली आहे. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला आहे. पण माझी शिवण नीट बघा. इतक्या वर्षांत एक टाका उसवलेला नाही.

मला रामाजींनी शिवलं. या तालुक्यात जंगल मोठं, त्यामुळे वनरक्षकही पुष्कळ, आणि त्यांचे गणवेश रामाजी शिवायचे. त्यातून उरलेलं जाड खाकी कापड म्हणजे मी. माझं अस्तर निळं आहे, भीमजयंतीच्या पताका शिवून उरलेल्या कापडाचं. म्हणजे पाहा, मी सगळी उरल्यासुरल्याची आहे. रामाजींना कापडाचा तुकडा फेकवत नसे. दुसऱ्यानं स्वस्तात काही मिळवलेलं दिसलं की त्यांचा चेहरा फुलायचा. घरात कुणी काही आणलं, मग ती भाजी असो की चप्पल, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"कितीले पडलं?"

त्यांचा एकुलता एक मुलगा कुलदीप बेंगळुरूला औषधाच्या कंपनीत लागला. सुरुवातीला तो रेल्वेनं यायचा. बल्लारशाला गाडी थेट होती, पण जाण्यायेण्यातच रजा संपायची, म्हणून वर्षातून एकदा येणं व्हायचं. मग त्याला स्वस्त विमानांचा शोध लागला. बेंगळुरूहून नागपूर, आणि तिथून बसनं घर. तिकीट अगदी कमी, पण सोबत एक लहान बॅग तेवढी न्यायची. तीही ठरलेल्या मापाची. विमानतळावर लोखंडी चौकट ठेवलेली असते. बॅग तिच्यात बसली तर ठीक, नाहीतर जादा पैसे भरा. कधीकधी ते पैसे तिकिटाहून जास्त व्हायचे. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!

हे ऐकल्यावर रामाजींनी टेप गळ्यात अडकवला. "माप सांग," ते फोनवर म्हणाले. "तुले अशी बॅग शिवून देतो का त्या चौकटीच्या बापाले अडवता नाई आली पाह्यजे."

असा माझा जन्म झाला. तीन बाजूंनी दुहेरी शिवण, पट्ट्याला आतून सुतळीचा आधार. आणि आत, डाव्या अंगाला, एक लांबट, निमुळता कप्पा. त्याला त्यांनी जाड कापडाचं दुहेरी अस्तर दिलं. त्यांची पत्नी सीताबाई काज करत शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे काय अनखी?"

"कात्रीचा कप्पा हाय," रामाजी म्हणाले. "बंगलोरले मोठी कापडाची कात्री चांगली भेटते म्हणते. कुलदीप आणन तवा यात ठेवन. टोक कपड्याले लागाले नाई पाह्यजे."

त्यांची जुनी कात्री धार लावून लावून झिजली होती. नवी कात्री मुलानं आणावी, ही त्यांची एकच हौस होती. विमानात माणसासोबत कात्री नेता येत नाही, हे बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी तो रिकामा कप्पा पोटात घेऊन मोठ्या ऐटीत पहिल्या प्रवासाला निघाले.

आता थोडी फुशारकी मारू द्या. त्या चौकटीत मी अशी बसायचे, जशी म्यानात तलवार. रांगेतल्या चाकांच्या बॅगा माझ्याकडे बघून नाकानं कांदे सोलायच्या, आणि चौकटीशी आल्या की त्यांचंच घोडं अडायचं. मग मालक घाम पुसत पैसे मोजायचे. माझ्यासाठी कुलदीपला कधी एक रुपया जादा भरावा लागला नाही.

आणि खरं सांगते, त्या स्वस्त विमानांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्यामुळे वर्षातून एकदा येणारा मुलगा जयंतीला येऊ लागला, दसऱ्याला येऊ लागला, आईला ताप आला तरी येऊन जाऊ लागला. दारात पाय ठेवताच रामाजी विचारायचे, "कितीले पडलं?" कुलदीप आकडा सांगायचा. मग रामाजी मांडीवर थाप मारून म्हणायचे, "एवढ्यात? पाह्य सीता, पोरगं पाह्य!" आणि मला उचलून, माझ्या शिवणीवरून बोट फिरवून, खिळ्याला लावायचे.

एकदा कुलदीपनं दोघांनाही बेंगळुरूला नेलं. तिकिटं फार आधी काढली होती. कुणाला घाई नव्हती. विमान उशिरा सुटलं, तर तिघांनी बसून सीताबाईंनी आणलेल्या दशम्या खाल्ल्या. चौकटीपाशी आल्यावर रामाजींनी मला स्वतःच्या हातानं आत बसवलं आणि तिथल्या मुलीला सांगितलं, "मीनंच शिवली, बाई." ती हसली. माझा ऊर भरून आला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत सुखाचा दिवस.

कात्रीचं मात्र जमत नव्हतं. एकदा कुलदीपनं मोठ्या हौशीनं ती विकत घेतली आणि माझ्या कप्प्यात ठेवली. कप्पा अगदी तिच्याच मापाचा निघाला. पण तपासणीच्या यंत्रातून मी बाहेर आले, तेव्हा तिथल्या माणसानं मला बाजूला घेतलं. कात्री हातातल्या सामानात चालणार नाही, सामान वेगळं भरून द्या, तो म्हणाला. ते भाडं कात्रीच्या किमतीहून जास्त होतं. कुलदीप क्षणभर थांबला आणि कात्री तिथंच ठेवून पुढे गेला.

घरी त्यानं बापाला हे सांगितलं. रामाजी म्हणाले, "बराबर केलं तू. कात्री काय, अनखी भेटते."

"पुढच्या खेपेले रेल्वेनं येतो, बावा. तवा आणतो."

पण रेल्वेला रजा जास्त लागायची आणि विमान स्वस्त मिळायचं. ती पुढची खेप पुढंच जात राहिली.

मग तो उन्हाळा आला. चंद्रपूरचा मे महिना कसा असतो, हे इथल्या मुलांना सांगायला नको. रामाजींना धाप लागायची, ती एकाएकी वाढली, आणि त्यांना चंद्रपूरला दवाखान्यात ठेवलं. संध्याकाळी सीताबाईंचा फोन आला, "बाबू, तुया बावाची तब्येत बरी नाई. येजो."

कुलदीप मला भरता भरता मोबाइलवर तिकिटं पाहू लागला. त्याच रात्री नागपूरला थेट विमान होतं, पण फार महाग. त्या विमानानं गेला असता तर सकाळी तो बापाच्या खाटेशी असता. दुसरा मार्ग सकाळचा होता. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं, मध्ये हैदराबादला उतरून विमान बदलायचं. ती दोन्ही मिळून महाग तिकिटाच्या निम्म्यातही येत नव्हती. वाचलेले पैसे दवाखान्याला लागतील, असं त्याच्या मनात आलं. तो काही कंजूष नव्हता, मित्रांनो. तरी त्याचं बोट थेट विमानावरच होतं. ते बुक करण्याआधी त्यानं बापाशी बोलायचं ठरवलं.

रामाजींना धापेमुळे धड बोलता येत नव्हतं. तरी ते म्हणाले, "महागाचं काऊन काढतं? सकाळचं स्वस्त हाय न? त्यानं ये. मी काई पळून नाई जाऊन राह्यलो."

बापाचा तो नेहमीचा सूर ऐकून मुलाला धीर आला. त्यानं स्वस्तातलं तिकीट काढलं.

सकाळी आम्ही विमानतळावर पोचलो. मी चौकटीत बसले, नेहमीसारखी. पण विमान येईना. आधी थोडा उशीर, मग आणखी थोडा, असं करत ते सुटलं तेव्हा ऊन चढलं होतं. हैदराबादला कुलदीप मला छातीशी धरून पळत सुटला. दुसरं विमान वेळेवर निघून गेलं होतं. खिडकीवरची बाई म्हणाली, "तुमचं पहिलं विमान आमच्या कंपनीचं नव्हतं. आम्ही काही करू शकत नाही." तिचं चुकत नव्हतं. संध्याकाळच्या विमानात जागाही शिल्लक नव्हती, कितीही पैसे दिले तरी.

तो मला मांडीवर घेऊन जमिनीवर बसला होता, तेव्हा घराशेजारच्या झिंगूभाऊंचा फोन आला. रामाजी गेले होते.

तो रडला नाही. उठला, विमानतळाबाहेर आला आणि रेल्वे स्टेशन गाठलं. ज्या गाडीनं तो पूर्वी घरी यायचा, तसल्याच एका गाडीच्या जनरल डब्यात, दाराशी, मला पायांत धरून उभा राहिला. आमच्याकडे अखेरच्या निरोपाला माती म्हणतात. बापाच्या मातीला तरी पोचावं, एवढीच त्याची आशा उरली होती. पोंभुर्ण्याला माणसं त्याच्यासाठी थांबली होती. पण मे महिन्याच्या त्या आगीत देह किती वेळ ठेवणार?

दिवस मावळताना सीताबाईंचा फोन आला. "बाबू, कुठी पोचला?"

"काझीपेठ सोडलं, माय."

 मग त्या म्हणाल्या, "ठेवता नाई येऊन राह्यलं रे आता."

"उरकून घ्या, माय," कुलदीप म्हणाला. "मी नाई पोचत."

मी कापडाची आहे, मला डोळे नाहीत. पण त्या वेळी माझ्या पट्ट्यावर त्याच्या हाताची जी पकड होती, ती मी विसरू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं आम्ही घरी पोचलो. अंगणात माणसं बसली होती. कुलदीपनं उंबरा ओलांडला आणि सवयीनं थांबला. मीही थांबले म्हणा ना. आम्ही दोघंही त्या प्रश्नाची वाट पाहत होतो. प्रवासाला कितीले पडलं, हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसासाठी वंदना घेण्याचा, कार्यक्रम झाला. पाहुणे गेले. मग सीताबाईंनी त्याला हळूहळू सांगितलं. त्या सकाळी रामाजींनी विचारलं होतं, "बसला काय विमानात?" त्या म्हणाल्या, बसला. मग त्यांनी विचारलं, "कितीले पडलं?" सीताबाईंना आकडा माहीत नव्हता. "स्वस्तात भेटलं म्हणे," एवढंच त्या म्हणाल्या. तर रामाजी हसले. "हुशार हाय पोरगं," म्हणाले. त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

सीताबाईंना वाटलं, बापानं शेवटी मुलाचं कौतुकच केलं, हे ऐकून मुलाला बरं वाटेल. 

पुढे बेंगळुरूला त्यानं मला कपाटावर टाकलं. माझ्यावर धूळ साचली. तो माझ्याकडे बघतही नसे. मला राग आला नाही. मी त्या चौकटीच्या मापाची शिवलेली होते, आणि ते माप आता त्याला सोसवत नव्हतं.

वर्ष भरत आलं तेव्हा एक दिवस त्यानं मला खाली काढलं, झटकलं, आणि माझ्या लांबट कप्प्यात काहीतरी जड, गार ठेवलं. मी ओळखलं. रेल्वेनं, सगळी रजा घालवून, आम्ही बल्लारशाला उतरलो. वाटेत कुठंच कुणी मला चौकटीत घालून पाहिलं नाही.

दुकान त्यानं स्वतः उघडलं. कात्री काढून मशीनवर ठेवली. सीताबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी जन्मात कधी कशाची किंमत विचारली नव्हती, तो नवऱ्याचा प्रांत होता. पण त्या दिवशी त्यांनी कात्रीवरून हात फिरवला आणि विचारलं, "कितीले पडली रे?"

कुलदीपनं तोंड उघडलं, पण आकडा बाहेर आला नाही. तो मशीनवर डोकं टेकून रडला. वर्षभर अडलेलं सगळं रडून घेतलं. सीताबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "राहू दे. नोको सांगू." मग त्यांनी ती कात्री उचलून पुन्हा माझ्या कप्प्यात ठेवली आणि मला खिळ्याला लावलं.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही विमानानं फिराल. सहलीला जाताना, सवडीनं जाताना, स्वस्त तिकीट खुशाल काढा. उशीर झाला तर दशम्या खा आणि हसा. वाचलेल्या पैशांतून आईबापांना आणखी एकदा भेटून या, त्यासारखी बचत नाही. पण तिकडे खाटेवर पडून कुणी तुमची वाट पाहत असेल, तर तिकिटाची किंमत त्याला विचारू नका. तो तुमचे पैसे वाचवायलाच सांगेल. त्याचं त्या वेळी ऐकू नका, आणि मिळेल त्या वाटेनं निघा.

कात्री अजून माझ्या पोटात आहे, नवी कोरी. ती असेपर्यंत मला कुठल्याच विमानात घेणार नाहीत. आणि मलाही आता कुठं जायचं नाही.