आईच्या पाठीतला उजेड

पिठाचा डबा उचलताना उमाबाईंचा मणका मोडला. स्तनाचा कर्करोग बरा होऊन बरीच वर्षं झाली होती. तोच हाडात उतरला की वयानं हाड ठिसूळ झालं, हे एमआरआयवर कळणार होतं. आत धातू चालत नाही, म्हणून त्यांनी गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी कधी नव्हे ती लेकीच्या हाती दिली.

"महेश्वरी, देव सांभाळ. मोबाईल बघत बसू नको."

वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. महेश्वरीनं डबी घट्ट धरली.

नंतर डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हाड दबलंय, पण आतली अस्थिमज्जा शाबूत आहे. कर्करोग नाही."

काळोखात एकावर एक रचलेले उजळ मणके महेश्वरी बघतच राहिली. लहानपणी ती याच पाठीवर बसून येडेश्वरी देवीची टेकडी चढली होती.

उमाबाईंनी लेकीकडून डबी घेऊन कपाळाला लावली आणि पडद्याकडे पाहिलं. "एवढं सगळं आत हाय व्हय? आन् म्या नुसती पाठ दुखती म्हणत होते."