चाळीस टक्क्यांचा चमत्कार

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. फुकटचा पिझ्झा होता हे खरं, पण आज चमत्कारही होता. अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या या इस्पितळात तीन महिन्यांत रक्ताच्या तपासण्या चाळीस टक्क्यांनी घटल्या होत्या, आणि तो चमत्कार घडवणारे सल्लागार डॉ. प्रेस्टन हॉलोवे साक्षात मंचावर उभे होते.

"मी काहीच केलं नाही," ते विनयाने म्हणाले. "निवासी डॉक्टरांना एवढंच सांगितलं, विनाकारण टेस्ट लिहू नका, बोनस घ्या. विवेक आपोआप जागा झाला!"

पडद्यावरची रेषा घसरत खाली आली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागच्या रांगेत लोरेटाने मात्र टाळी वाजवली नाही. बावीस वर्षं ती वॉर्डात रक्त काढत होती. तपासण्या घटल्या, तर सकाळी तिच्या ट्रेमध्ये नळ्या तितक्याच कशा? आजच तिने वॉल्टर नोवाकच्या काळ्यानिळ्या हातात सुई खुपसली होती.

"आला माझा डास," म्हातारा म्हणाला होता. "कितवा दिवस गं?"

"नववा."

"काही सापडलं?"

"सगळं ठीक आहे. फक्त रक्त कमी होतंय."

"होणारच! रोज तू नेतेस. उद्या म्हणे दुसऱ्याचं चढवणार."

तेव्हा लोरेटाला स्वतःच्या हातांची लाज वाटली होती. आता सभागृहात ती उठून उभी राहिली.

"साहेब, या रेषेत मोजलंय काय?"

"निवासी डॉक्टरांच्या नावावरच्या टेस्ट."

"तरीच. टेस्ट कोणी लिहिली ते नळीच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. आधी या निवासी पोरांची नावं असायची. आता बऱ्याच नळ्यांवर इमर्जन्सीच्या डॉक्टरांची. त्यांना तुमची बोनसची योजना लागू नाही ना?"

तिसऱ्या रांगेतून निवासी डॉक्टर ब्रिजेट केसी उभी राहिली. वॉल्टर तिचाच रुग्ण.

"मीच खाली इमर्जन्सीला फोन केला होता," ती म्हणाली. "पेशंट वर पाठवण्याआधी त्याची रोजची रक्ताची टेस्ट तुझ्या नावावर टाकून दे, म्हटलं. सगळेच करतात."

"पण का?" हॉलोवेंनी विचारलं.

"सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर त्या दिवसाच्या रक्ताचा आकडा विचारतात. नसला तर सगळ्यांसमोर सालटी निघतात. बोनसने ती भीती कुठे जाते?"

"तरी माझा चाळीस टक्क्यांचा आकडा खोटा नाही!" हॉलोवे म्हणाले.

"आकडा खरा आहे," लोरेटा म्हणाली. "नळ्याही खऱ्या आहेत. मोजायचं तर त्या मोजा. आणि डॉक्टरांनो, टेस्ट लिहिण्याआधी स्वतःला विचारा, उत्तर काहीही आलं तरी मी वेगळं काय करणार? काहीच नाही, तर माणसाला टोचू नका. याला बोनस लागत नाही."

ब्रिजेटने खिशातून फोन काढला आणि उभ्या उभ्या त्यावरूनच वॉल्टरची रोजची रक्ताची टेस्ट रद्द केली.

पहिल्या रांगेतून विभागप्रमुखांनी मान वळवली. "आणि उद्या राउंडला मी आकडा विचारला तर?"

"सांगेन, गरज नव्हती," ब्रिजेट म्हणाली.

"बरं," विभागप्रमुख म्हणाले. "मग मी विचारणार नाही."